लाल दिवा म्हणजे चालू

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. वायफायचा प्रॉब्लेम नोंदी ठेवल्याशिवाय सुटणार नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

लॅपटॉपवर नेट येतं, जातं, पुन्हा येतं. कोपऱ्यातल्या चिन्हात कधी सगळ्या रेघा, कधी एकच, कधी नुसता पृथ्वीचा गोल. काल एका कारखान्याच्या सुपरवायझर मंडळींना ऑनलाइन सेफ्टी शिकवत होतो. ‘धोका दिसण्याआधी ओळखा’ याच स्लाइडवर गोठलो. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला असणार.

अख्खी नोकरी सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. माझ्या प्लांटमध्ये कुणाचं बोटसुद्धा तुटलं नाही. (एकदा तुटलं, पण त्या दिवशी मी रजेवर होतो.) रिटायर झालो तरी लोक शिकायला येतात ते उगाच नाही. आणि मला घरातलं नेट सापडत नाही?

बायकोचं म्हणणं, राउटर लोखंडी कपाटात ठेवल्यापासून हे सुरू झालंय. कपाटात ठेवला तो धुळीपासून आणि चोरीपासून वाचावा म्हणून. किल्ली माझ्याकडे. विज्ञान कशाशी खातात हे ठाऊक नसताना लोक मत कसं देतात, देव जाणे.

उद्या बायको आठवडाभराच्या ट्रेनिंगला जाणार. ताईचा लगेच फोन, की तेवढे दिवस आईला माझ्याकडे पाठव. मी ठणकावून सांगितलं, आई कुठेही जाणार नाही. मागे तिला चक्कर आल्यापासून ताईचं हेच टुमणं आहे, आईला कायमची माझ्याकडे आणते म्हणून. शेवटी तिनेच कबूल केलं, हा आठवडा तू एकट्याने नीट सांभाळ, मग मी विषय काढणार नाही. वर ‘बघू’ म्हणाली. तिचं हे ‘बघू’ मी लहानपणापासून ओळखतो.

संकल्प: आईकडे पूर्ण लक्ष. वायफायला हात लावायचा नाही, असं बायकोला वचन दिलं आहे. (लॅपटॉपबद्दल ती काही बोललेली नाही.)

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

बायको गेली. जाताना दारात उभी राहून सूचनांचा भडिमार. गोळ्या, बाथरूमची फरशी कोरडी ठेवायची, गॅस. ‘आणि आईंच्या त्या बटणाचं तेवढं...’ असं काहीतरी सुरू केलं होतं, पण खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि मला सगळं माहीतच होतं. जा म्हटलं.

बटण म्हणजे ताईची खरेदी. आईच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक बटण आणि खोलीत प्लगमध्ये खोचलेली पांढरी डबी, तिच्यावर छोटा हिरवा दिवा. आई पडली-बिडली तर तिने बटण दाबायचं, की तिकडे ताईच्या फोनवरच्या ॲपमधून ठणाणा. मग ताई इकडे फोन करणार. म्हणजे आई शेजारच्या खोलीत पडणार आणि मला ते दुसऱ्या शहरातून कळणार! मलाही ते ॲप घे म्हणत होते. मी साफ नाही म्हणालो. बायकोच्या जुन्या फोनवर ते चालत नाही, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता.

ते बसवायला भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जातीने आले होते. मी त्या दिवशी केस कापायला गेलो. नुकतेच कापले होते, तरी गेलो. डबीच्या आत मोबाइलसारखं सिमकार्ड असतं, हे मी नंतर बघताक्षणी ओळखलं. कुणाला विचारावं लागलं नाही.

सोमवार, संध्याकाळी

लॅपटॉपची तपासणी. ट्रबलशूटर चालवला. बराच वेळ गोल फिरला आणि म्हणाला, कोणतीही समस्या आढळली नाही. त्याच क्षणी नेट गेलं.

मग ‘हे नेटवर्क विसरा’ असं बटण दिसलं ते दाबलं. लॅपटॉप विसरला. आता पासवर्ड मागतो. पासवर्ड मीही विसरलेलो. तो राउटरच्या पाठीवर चिकटवलेला, राउटर कपाटात, किल्ली सापडेना. आईला विचारलं तर म्हणाली, सकाळपासून तुझ्याच खिशात वाजतेय.

कपाट उघडलं, पासवर्ड बघून घातला. काय स्पीड! व्हिडिओ पाण्यासारखा वाहायला लागला. कंपनीने नेमकं तेव्हाच काहीतरी दुरुस्त केलं असावं. कपाट बंद केलं, किल्ली लावली. नेट गेलं. म्हणजे कंपनीचा पुन्हा घोळ.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज प्रॉब्लेमच्या मुळाशी पोचलो. थोडा हादरलोही आहे.

राउटरची आतली सेटिंग्ज लॅपटॉपवर उघडता येतात. त्यात या घडीला आपल्या वायफायवर कोण कोण आहे, ते दिसतं. माझा लॅपटॉप. माझा फोन. टीव्ही. बस, एवढंच असायला हवं होतं. आईचा फोन जुन्या बटणांचा, त्याला वायफाय नाही. बायकोचा फोन बायकोबरोबर.

पण चौथं कुणीतरी आहे.

नाव नाही. नुसती अक्षरं आणि आकड्यांची शेपटी. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला. होतंच. टीव्हीचा प्लग काढला. टीव्ही यादीतून गेला, ते गेलं नाही.

दाराची कडी लावून आलो. त्याचा काही उपयोग नाही हे मलाही कळत होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर त्याच्यावर पाळत. आईला गोळ्या वेळेवर दिल्या. (दुपारची जरा उशिरा.)

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे आणि ती मला मुळीच आवडलेली नाही. हा इसम काही डाउनलोड करत नाही. सिनेमे बघत नाही, फोटो ओढत नाही. ठरावीक वेळाने अगदी चिमूटभर काहीतरी पाठवतो आणि गप्प बसतो. पुन्हा तेवढंच. पुन्हा गप्प. अंधारात कुणाचा तरी श्वास ऐकू यावा तसं. नुसतं ‘मी आहे, मी आहे’ सांगत राहतो. कुणाला सांगतो? आणि कधीच बंद होत नाही. पहाटे उठून बघितलं तर जागाच.

संशय समोरच्या फ्लॅटमधल्या दाढीवाल्यावर. बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. दाढीच्या आड हसतो. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा मी मुद्दाम म्हणालो, हल्ली लोक दुसऱ्याच्या वायफायवर जगतात. तो म्हणाला, हो ना काका, वाईट आहे. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. सराईत दिसतो.

संध्याकाळी आई विचारायला लागली, एवढा का रे काळजीत? तिला सांगितलं, आपल्या घरात कुणीतरी शिरलंय, दिसत नाही, पण सतत हजर असतं. आईने विचारलं, काय नेतो? म्हटलं, काहीच नाही. आई म्हणाली, काही नेत नसेल तर राहू दे की मग. एका कोपऱ्यात पडून राहील बिचारा.

सेफ्टी म्हणजे काय हे या पिढीला समजावणं कठीण आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्लांटमध्ये आमचा पहिला नियम होता. एखादा स्विच कशाचा आहे ते माहीत नसेल तर आधी बंद करायचा, कुलूप घालायचं, मग चौकशी करायची. आधी चौकशी करत बसलात तर माणूस जातो. हाच नियम मी अख्ख्या नोकरीत पाळला. एकदा त्या नादात कँटीनचा फ्रिज तीन दिवस बंद राहिला, पण जीव कुणाचा गेला नाही.

बायकोला दिलेलं वचन आठवलं. पण हे वायफायला हात लावणं नाही. वायफायला वाचवणं आहे.

सकाळी, चहा झाल्यावर, त्या शेपटीवर क्लिक केलं. ‘ब्लॉक’. खात्री आहे का, असं विचारलं. मला असं विचारणारी यंत्रं आवडतात. हो म्हटलं.

यादीतून तो नाहीसा झाला. घर एकदम मोकळं वाटलं. आणि नेट? दिवसभर एकदाही गेलं नाही! (कपाटाचं दार आज उघडंच राहिलं होतं, किल्ली पुन्हा सापडत नव्हती. त्याचा इथे संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.)

यशस्वी दिवस. स्वतःसाठी दोन वेळा जास्तीचा चहा.

संध्याकाळी आई म्हणाली, त्या डबीचा दिवा हिरवा असायचा, आज लाल लागलाय. जाऊन बघितलं. लालभडक, ठणठणीत. तिला सांगितलं, लाल म्हणजे चालू. आपल्या टीव्हीचा नाही का लाल असतो? इस्त्रीचा? गीझरचा? आई म्हणाली, हो रे बाबा, खरंच की. आणि निर्धास्त होऊन पडून राहिली. माणसाला समजावून सांगितलं की पटतं.

६ फेब्रुवारी, रात्रीच्या जेवणाआधी

ताईचा फोन. तिच्या मोबाइलवर दाखवतंय म्हणे की आईचं बटण ‘संपर्कात नाही’. मी म्हटलं, तुझ्याच फोनचं नेट गंडलं असेल. ती म्हणाली, जरा जाऊन बघ, डबीवर दिवा लागलाय का? मी म्हटलं, जाऊन काय बघायचंय, आत्ताच बघून आलोय, लख्ख लागलाय. मग ती जरा नरमली. ॲपचाच गोंधळ असेल, उद्या बटणाच्या कंपनीला विचारते म्हणाली.

आठवडा संपत आलाय आणि तिला बोट ठेवायला जागा सापडत नाहीये, हे मी ओळखून आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ब्लॉक केलेला इसम अजून गेलेला नाही. राउटरच्या नोंदीत तो दिसतो. दार ठोठावतो, राउटर हाकलतो. थोड्या वेळाने पुन्हा ठोठावतो. चिकाटी विलक्षण. मला रात्री त्याची स्वप्नं पडायला लागली आहेत. स्वप्नात दार असतं आणि पलीकडून कुणीतरी हळूच, अगदी अदबीने, टकटक करत असतं. मी दाराला पाठ लावून उभा.

दुपारी आईने एक उद्योग केला. बटण चालतं का बघावं म्हणून दाबलं आणि ताईच्या फोनची वाट बघत बसली. ताईचा फोन आला नाही. मला सांगायला आली तेव्हा मी क्लासची तयारी करत होतो. जरा चढ्या आवाजात म्हणालो, ताई कामात असेल, आणि ते खेळणं नाही, गरज नसताना दाबत जाऊ नकोस. आई ओशाळली. नाही दाबणार म्हणाली. पदराने बटण पुसून पुन्हा गळ्यात आत सरकवलं.

मला तेव्हा थोडं वाईट वाटलं. पण शिस्त ती शिस्त.

ताईचा पुन्हा फोन. कंपनीवाले सोमवारी बघतो म्हणाले. तिने विचारलं, दिवा आहे ना? मी म्हटलं, आहे गं बाई, आहे.

किल्ली सापडली. फ्रिजवर होती. कपाट बंद केलं. नेट रडायला लागलं. पुन्हा उघडलं. उद्या मोठा क्लास आहे, धोका नको. उघडंच ठेवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी, क्लासच्या मधल्या सुट्टीत

लिहायला पाच मिनिटं आहेत. पहिला भाग अप्रतिम. एकदाही गोठलो नाही. खोलीचं दार बंद, कानावर मोठे हेडफोन, मोबाइल सायलेंट. आईला आधीच सांगितलंय, क्लास संपेपर्यंत हाक मारायची नाही.

आज तो पिसाळलाय. राउटरची नोंद कोपऱ्यात उघडीच ठेवली होती. एरवी मध्येच कधीतरी ठोठावायचा. आज थांबतच नाही. एकावर एक, एकावर एक ओळी. हाकलला, हाकलला, हाकलला. मला एकदम सुचलं आणि मी ती स्क्रीन सगळ्यांना दाखवली. म्हटलं, बघा, जिवंत उदाहरण! बाहेर धोका जिवाच्या आकांताने धडका देतोय आणि आत आपण शांतपणे बसलोय. याला म्हणतात पक्का अडसर.

सगळे खूश. एका सुपरवायझरने तेवढं विचारलं, सर, पण ती वस्तू आहे काय? मी म्हटलं, हाच प्रश्न माणसाला गोत्यात आणतो. आधी बंद, मग चौकशी. त्याने वहीत लिहून घेतलं.

आता ओळी थांबल्या आहेत. दमला वाटतं. अखेर मी जिंकलो.

शनिवार, क्लास संपल्यावर

टाळ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणार म्हणाले. आठवडाही पार पडला, उद्या बायको येईल. ताईला फोन करून सांगणार आहे, की आता विषय बंद.

मोबाइलवर तिचे दोन मिस्ड कॉल दिसतायत. करतो नंतर. आधी चहा टाकतो. आईलाही विचारतो. तिच्या खोलीत काही चाहूल नाही. झोपली असेल.

९ फेब्रुवारी, रविवार, हॉस्पिटल

आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन.

फरशी ओली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. आई बोलते आहे. डॉक्टर म्हणाले जिवाला धोका नाही, पण चालायला वेळ लागेल.

परवा लिहिवलं नाही, म्हणून आज. क्लासनंतर बाथरूमचं दार ढकललं तर ते पूर्ण उघडेना, पलीकडे आई होती. मी जिन्यात जाऊन ओरडलो. पहिला धावून आला तो दाढीवाला. त्याने आईला अलगद उचललं, आपल्या गाडीत मागे आडवं केलं, सगळ्या रस्त्याभर तिच्याशी बोलत राहिला. हॉस्पिटलात कुठल्याशा कागदासाठी त्याने आपला लॅपटॉप उघडला, तेव्हा त्यावर त्याच्या घरच्या नेटचं बिल दिसलं. त्याचं स्वतःचं वायफाय आहे. आमच्यापेक्षा महागाचं.

वाटेत आई म्हणाली, तू म्हणाला होतास ना गरज नसताना दाबू नकोस, म्हणून आधी स्वतःच उठून बघितलं. उठवेना. मग दाबलं रे. खूप वेळ दाबलं. ताई कामात असेल.

ताई रात्रीच येऊन पोचली. तिने कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, तुमची डबी घरच्या वायफायवर चालते आणि गुरुवार सकाळपासून ती वायफायवर आलेलीच नाही. ती हे मला सांगत होती आणि मी हॉस्पिटलच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

रविवारी कपडे न्यायला घरी आलो. लॅपटॉप उघडला. त्या शेपटीवरचं ब्लॉक काढलं. या वेळी, खात्री आहे का, असं विचारलं नाही. उठून आईच्या खोलीत गेलो. पलंग रिकामा होता. डबीवरचा दिवा लाल होता, आणि मी बघत असतानाच हिरवा झाला.

मी तिथेच पलंगावर बसून राहिलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोने राउटर कपाटातून काढून उघड्या फळीवर ठेवला. लॅपटॉपवर सगळ्या रेघा. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

ताईला सांगितलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. ते खोटं नाही. ताईने विचारलं, तू दिवा बघितलास तेव्हा तो कुठल्या रंगाचा होता? मी म्हटलं, लक्ष नव्हतं. मग तिने आईला विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मला मेलीला एवढ्या लांबचं कुठे दिसतंय?

तिला खिडकीतून खालच्या गाडीचा नंबर चष्म्याशिवाय वाचता येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईला सुट्टी मिळाली. हॉस्पिटलमधून ती थेट ताईकडे गेली. कुणी चर्चा केली नाही. मीही नाही. भाऊजींनी गाडीत उशा लावल्या, मी पिशवी दिली. पिशवीत ती पांढरी डबी होती.

संकल्प: पुढच्या क्लासआधी स्लाइडा तपासायच्या. ‘आधी बंद, मग चौकशी’ ही स्लाइड काढायची की ठेवायची? ठेवावी. प्लांटसाठी बरोबरच आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्लाइड काढली.

२ मार्च, रविवार

नेट उत्तम. आठवड्यात एकदाही गेलं नाही. यादीत माझा लॅपटॉप, माझा फोन, बायकोचा फोन, टीव्ही. खाली एक फिकट ओळ आहे, ‘सध्या जोडलेले नाही’ अशी. तिच्यापुढे नाव द्यायची सोय असते हे आज कळलं. ‘आई’ असं लिहून ठेवलं.

दुपारी आईचा फोन आला. आवाज बारीक, म्हणजे ताई बाहेरच्या खोलीत असावी. वॉकर घेऊन दारापर्यंत जाते म्हणाली. जेवण बरं असतं म्हणाली. मग म्हणाली, अरे, इथे लावल्यापासून त्या डबीचा दिवा हिरवाच लागतो. हे सगळे म्हणतात, बरोबर आहे. पण तू लाल म्हणाला होतास, म्हणून म्हटलं यांना काही बोलण्याआधी तुला विचारावं.

मी म्हटलं, आई, हिरवाच बरोबर.

ती म्हणाली, नक्की ना? तू म्हणशील तसं.

मी म्हटलं, भाऊजींना विचार.